पोलंड पाहावा तारीख बघून

१ नोव्हेंबरला वॉर्सात उतरलेला परदेशी पाहुणा आधी गोंधळतो. दुकानं बंद, बँका बंद, बऱ्याचशा संग्रहालयांनाही कुलूप. बस मात्र माणसांनी गच्च भरून धावत असतात. शहराच्या परिवहन सेवेने त्या दिवसांपुरत्या खास बस सोडलेल्या असतात आणि त्या सगळ्या एकाच प्रकारच्या ठिकाणी जातात: दफनभूमीकडे. कुणाच्या मांडीवर शेवंतीची कुंडी असते, कुणाच्या पिशवीत जाड काचेचे, झाकणाचे दिवे किणकिणत असतात. आजी असते, नातू असतो, दुसऱ्या शहरातून आदल्या रात्रीच्या गाडीने आलेला मुलगा असतो. सर्व संतांचा हा दिवस पोलंडमध्ये सार्वजनिक सुट्टीचा. गेलेल्या माणसांना भेटायला त्या दिवशी अख्खा देश घराबाहेर पडतो.

वॉर्सातली पोव्हाँस्की दफनभूमी १७९० सालची. तिच्या दारात फुलं आणि दिवे विकणाऱ्यांच्या रांगेत कुणीतरी कागदात गुंडाळलेल्या गुलाबी-पांढऱ्या, चिवट साखरेच्या वड्या घेऊन बसलेलं असतं. ‘पाइन्स्का स्कूर्का’ नावाची ही मिठाई मिळते ती मुख्यतः याच सुमाराला आणि दफनभूमीच्या दारात. वॉर्सात लहानाचं मोठं झालेल्या माणसाच्या जिभेवर ती कायमची बसलेली असते. आत शिरलं की नामवंत नट-नट्या हातात पत्र्याचे डबे घेऊन उभ्या दिसतात. जुन्या थडग्यांच्या दुरुस्तीसाठी वर्गणी गोळा करण्याची ही प्रथा संगीतसमीक्षक येझी वाल्दोर्फ यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये सुरू झाली. लोक डब्यात नाणी टाकतात, दोन शब्द बोलतात आणि आपापल्या घराण्याच्या दगडाकडे वळतात. मग पालापाचोळा झाडायचा, दगड ओल्या फडक्याने पुसायचा, फुलं मांडायची, दिवे लावायचे. शेजारच्या थडग्यावर कुणी आलं नसेल तर एक दिवा तिथेही ठेवायचा. अज्ञात सैनिकांच्या रांगा तर कधीच अंधारात राहत नाहीत. संध्याकाळी सहाच्या सुमाराला झाडांच्या बुंध्यांवर तांबूस उजेड चढलेला असतो आणि मेण जळाल्याचा वास कपड्यांत शिरतो. तिथे शोककळा नसते. माणसं हळू आवाजात गप्पा मारत फिरतात, मुलं दिवे मोजतात.

पोलंडला जाणारे बहुतेक पर्यटक नकाशा हाती घेऊन जातात. राजवाडा, चौक, मिठाची खाण, छळछावणी, परत विमानतळ. हे सगळं पाहण्याजोगं आहेच. पण पोलिश संस्कृतीचा जिवंत भाग ठिकाणांपेक्षा वेळांना अधिक बांधलेला आहे. ठरावीक तारखेला, ठरावीक घटकेला ती रस्त्यावर येते, नाहीतर घराच्या दारामागे राहते. म्हणून तिकीट काढण्याआधी दिनदर्शिका चाळावी. पोलिश घरात भिंतीवर जी दिनदर्शिका असते तिच्यात प्रत्येक तारखेखाली दोन-तीन व्यक्तींची नावं छापलेली असतात. आपल्या नावाचा दिवस वाढदिवसासारखा साजरा होतो, आणि जुन्या पिढीत तर वाढदिवसापेक्षाही त्याचाच मान मोठा. सण, संत, नावं, उपास असं सगळं एकाच पानावर पाहायची सवय स्वयंपाकघरात ‘कालनिर्णय’ टांगणाऱ्या मराठी माणसाला आहेच. त्याला हा देश त्यामुळे लवकर उमगेल.

वेळेचं हे बंधन एवढं घट्ट का झालं, याचं उत्तर इतिहासात आहे. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या शेजाऱ्यांनी पोलंड वाटून घेतला. त्यानंतर ११ नोव्हेंबर १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षं, युरोपच्या नकाशावर पोलंड नावाचा स्वतंत्र देश नव्हता. ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या क्राकोवमध्ये पुढेपुढे थोडी मोकळीक मिळाली. रशियाच्या वाट्याला आलेल्या वॉर्सात १८६३ चा उठाव चिरडल्यानंतर शाळांतून पोलिश भाषेची हकालपट्टी झाली. प्रशियाच्या भागात, व्झेश्निया गावी, १९०१ मध्ये धर्मशिक्षणाच्या तासाला जर्मन बोलायला नकार दिला म्हणून मुलांना शाळेत मार बसला. १८६७ साली वॉर्सात जन्मलेली मारिया स्क्वोदोव्स्का, म्हणजे पुढची मेरी क्युरी, घरोघरी लपूनछपून भरणाऱ्या ‘फिरत्या विद्यापीठा’त शिकली. १८९८ मध्ये सापडलेल्या मूलद्रव्याला तिने आणि पियरने पोलोनियम हे नाव दिलं, तेव्हा ज्या देशाचं नाव त्याला दिलं तो देश अस्तित्वातच नव्हता. अशा काळात राष्ट्र टिकून राहिलं ते जेवणाच्या टेबलाभोवती, चर्चमध्ये, गाण्यांत आणि सणावारांत. पोलिश घरात सण मनापासून आणि अगदी काटेकोरपणे पाळले जातात त्यामागे ही सवा शतकाची सवय आहे.

या काटेकोरपणाचा सर्वांत जुना नमुना क्राकोवच्या मुख्य चौकात दर तासाला ऐकू येतो. हा चौक १२५७ मध्ये आखला गेला. सुमारे दोनशे मीटर लांब, तितकाच रुंद. मधोमध कापडबाजाराची लांबलचक इमारत आणि एका कोपऱ्यात सेंट मेरीचं विटांचं चर्च. त्याच्या ऐंशी मीटरहून उंच मनोऱ्यात तासाचे ठोके पडले की खिडकी उघडते, सोनेरी तुतारीचं तोंड बाहेर येतं आणि ‘हेयनाऊ’ ही छोटीशी धून वाजू लागते. ती मध्येच, सुराच्या अर्ध्यावर, थांबते. मग दुसऱ्या दिशेची खिडकी, पुन्हा तीच धून, पुन्हा तिथेच खंड. चारही दिशांना चार वेळा. तेराव्या शतकात तातार चालून आले तेव्हा इशारा देणाऱ्या पहारेकऱ्याच्या गळ्यात बाण घुसला आणि धून तुटली, अशी कथा वाटाडे सांगतात. कथेचं हे रूप रूढ व्हायला १९२८ मध्ये एरिक केली या अमेरिकन लेखकाने लिहिलेली कादंबरी बरीच कारणीभूत ठरली. पण धून जुनी आहे आणि वाजवणारे खरोखरीचे पहारेकरी आहेत: ते अग्निशमन दलाचे जवान असतात आणि पाळीपाळीने रात्रंदिवस मनोऱ्यात राहतात. रात्रीचे तीन असोत, बर्फ पडत असो, धून चुकत नाही. दुपारी बाराची धून १९२७ पासून पोलिश रेडिओ देशभर ऐकवतो. वाजवून झाल्यावर खालच्या गर्दीकडे बघून तो जवान हात हलवतो. तेवढ्यासाठी मान वर करून थांबावं.

वॉर्साची घटका वर्षातून एकदाच येते. १ ऑगस्ट १९४४ रोजी संध्याकाळी पाच वाजता पोलिश भूमिगत सैन्याने जर्मन ताब्याविरुद्ध उठाव केला. तो ६३ दिवस चालला. दीड लाखाहून अधिक नागरिक मारले गेले, उरलेल्यांना शहराबाहेर काढलं गेलं आणि नंतर जर्मन तुकड्यांनी इमारती एकेक करून जाळल्या, सुरुंगाने उडवल्या. आज दरवर्षी १ ऑगस्टला बरोबर पाच वाजता भोंगे वाजतात. ट्राम थांबते. बसचा चालक इंजिन बंद करून खाली उतरतो. रस्ता ओलांडणारी बाई निम्म्यावर उभी राहते, सायकलवाला एक पाय जमिनीला टेकतो. मुख्य चौकात तरुण लाल धुराच्या नळकांड्या पेटवतात. एक मिनिटभर अठरा लाखांहून अधिक वस्तीचं शहर हलत नाही. आणि त्याच संध्याकाळी पिउसूद्स्की चौकात हजारो माणसं गाण्यांची छोटी पुस्तकं हातात घेऊन, जर्मन अमलात मनाई असलेली गाणी वाद्यवृंदाबरोबर एकत्र म्हणतात. परक्यालाही पुस्तिका मिळते. भाषा येत नसली तरी शेजारची आजी बोटाने ओळ दाखवते.

ही संध्याकाळ पाहिलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी वॉर्साचं जुनं गाव वेगळं दिसतं. गुलाबी, पिवळ्या, मातकट हिरव्या रंगांची ती सतराव्या-अठराव्या शतकातली वाटणारी घरं खरं तर महायुद्धानंतर उभारलेली आहेत. त्यासाठी वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी युद्धाआधी केलेल्या मोजणीचे आराखडे उपयोगी पडले आणि बेर्नार्दो बेलोत्तो या अठराव्या शतकातल्या इटालियन दरबारी चित्रकाराने रंगवलेली शहराची बारकाव्यांसह दृश्यंही. युनेस्कोने १९८० मध्ये हे गाव जागतिक वारशात घेतलं. पुनर्बांधणीचाच हा सन्मान होता, आणि तो योग्यच म्हणायला हवा. राजवाड्याचं काम तर १९७१ मध्ये सुरू झालं आणि १९८४ मध्ये तो लोकांना खुला झाला.

रविवार हा आणखी एक वार लक्षात ठेवण्याजोगा. २०१८ पासून कायद्याने टप्प्याटप्प्याने बहुतेक रविवारी मोठी दुकानं बंद ठेवायला लावली आहेत. पाण्याच्या बाटलीपासून फोनच्या कार्डापर्यंत जे काही लागेल ते शनिवारीच घेऊन ठेवलेलं बरं. पण मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत वॉर्साच्या वाझिएन्की बागेत रविवारी दुपारी बारा आणि चार वाजता पियानो ठेवलेला असतो. फ्रेडरिक शोपँच्या पुतळ्याखाली, गुलाबांच्या वाफ्यांमध्ये, उत्तमातले उत्तम वादक येऊन त्याच्या रचना वाजवतात. तिकीट नसतं. १९५९ पासून हे चालू आहे. लोक गवतावर चादर टाकतात, कुणी डोळे मिटून पडतं, बाबागाडीतलं बाळ झोपी जातं. वाऱ्याने वाकलेल्या विलोच्या झाडाखाली बसलेला शोपँचा हा पुतळा १९२६ सालचा; जर्मनांनी तो १९४० मध्ये फोडला, १९५८ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. शोपँ १८१० मध्ये वॉर्साजवळच्या झेलाझोव्हा वोलात जन्मला, विशीत देश सोडून गेला आणि १८४९ मध्ये पॅरिसला वारला. त्याचं शरीर तिथेच पुरलं. हृदय मात्र त्याच्या इच्छेप्रमाणे बहीण लुद्विकाने मायदेशी आणलं. वॉर्साच्या होली क्रॉस चर्चमध्ये, डाव्या हाताच्या एका खांबात, ते आजही आहे. चर्चमध्ये प्रार्थना चालू असेल तर पर्यटकाने मागच्या बाकावर बसून ती संपू द्यावी, मग खांबाजवळ जावं. तिथले लोक हे शिष्टाचार पाळणाऱ्याची मनापासून कदर करतात.

भूक लागली की प्रवाशाने ‘बार म्लेच्नी’ची पाटी शोधावी. दूध, दही, पीठ आणि भाज्यांच्या स्वस्त पदार्थांची ही उपाहारगृहं. पहिलं १८९६ मध्ये वॉर्सात स्तानिस्वाव द्वुझेव्स्की यांनी काढलं. कम्युनिस्ट राजवटीत कामगारांना पोटभर गरम जेवण मिळावं म्हणून सरकारने ती गावोगावी उघडली. १९८९ नंतर बाजार खुला झाला आणि त्यांतली पुष्कळ बंद पडली. उरलेल्यांना सरकार अजूनही अनुदान देतं, आणि ते मुख्यतः बिनमांसाच्या पदार्थांसाठी. शाकाहारी माणसाला पोलंडमध्ये खायला मिळत नाही हा समज घेऊन गेलेल्यांनी आधी इथे यावं.

आतली रीत अशी. भिंतीवरच्या फलकावर पदार्थांची लांबलचक यादी, त्यातले निम्मे तोवर संपलेले. गल्ल्यावरच्या बाईंना पदार्थ सांगायचा, पैसे द्यायचे, चिठ्ठी घ्यायची. ती चिठ्ठी स्वयंपाकघराच्या खिडकीत सरकवायची. पाच-दहा मिनिटांनी आतून पदार्थाचं नाव पुकारलं जातं. लक्ष नसेल तर ताट तिथेच निवत राहतं. पिएरोगी मागवले तर मैद्याच्या पातळ पारीत उकडलेला बटाटा, ‘त्वारूग’ नावाचं पनीरसारखं ताजं चीज आणि परतलेला कांदा यांचं सारण भरून, काठ चिमटून, उकळत्या पाण्यातून काढलेले सात-आठ तुकडे येतात, वर वितळलेलं लोणी. बटाट्याच्या किसाची कुरकुरीत धिरडी, चीज भरलेले गोड घावन, बिटाचं आंबटगोड लाल सार, शिजवलेल्या फळांचं पाणी. जेवून झालं की ताट आपणच नेऊन दुसऱ्या खिडकीत ठेवायचं. एक सावधगिरी हवी: पिएरोगींवर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे टाकायची पद्धत आहे आणि सूप पुष्कळदा हाडांच्या रश्श्यात शिजतं. मागवतानाच ‘बेस मिएंसा’, म्हणजे मांसाशिवाय, असं सांगावं आणि सुपाबद्दल वेगळं विचारावं.

या उपाहारगृहांवर लोकांचा जीव आहे. वॉर्सातल्या मार्शाउकोव्स्का रस्त्यावरचं ‘प्रासोव्ही’ नावाचं जुनं बार म्लेच्नी २०११ मध्ये बंद झालं, तेव्हा तरुण कार्यकर्ते आत शिरले आणि त्यांनी स्वतः स्वयंपाक करून लोकांना वाढायला सुरुवात केली. पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं, पण शहरभर बोभाटा झाला आणि पुढे ते पुन्हा सुरू झालं. एकाच टेबलावर निवृत्त प्राध्यापक, रंगकाम करणारा मजूर आणि कॉलेजची पोरं शेजारी बसून एकच सूप पितात, ही गोष्ट पोलंडमधल्या कुठल्याही महागड्या रेस्तराँत अनुभवता येत नाही.

खाण्याचंही पंचांग आहे. उपासाच्या चाळीस दिवसांआधीच्या गुरुवारी गुलाबाच्या मुरंब्याने भरलेले तळीव गोळे, ‘पाँच्की’, खायचे. त्या सकाळी मिठाईच्या दुकानांबाहेरची रांग कोपरा वळून जाते. ११ नोव्हेंबर हा स्वातंत्र्यदिन, पण पोझनान शहरात त्याच दिवशी संत मार्टिनचाही सण, म्हणून तिथे पांढऱ्या खसखशीचं सारण भरलेली चंद्रकोरी पाव-मिठाई खातात. ईस्टरच्या आदल्या शनिवारी प्रत्येक चर्चच्या दारात टोपल्या दिसतात. रंगवलेली अंडी, पाव, मीठ, सॉसेज, मुळ्यासारखी झणझणीत हॉर्सरॅडिश, साखरेचं किंवा लोण्याचं कोकरू, वर भरतकामाचा रुमाल. पाद्री त्यांवर पवित्र पाणी शिंपडतो आणि रविवारच्या न्याहारीला घरात सगळे त्यातल्या अंड्याचा तुकडा वाटून घेतात. सोमवारी मुलं बादल्या आणि पिचकाऱ्या घेऊन दबा धरून बसतात. त्या दिवशी रस्त्याने जाणारा पर्यटकही कोरडा राहील याची खात्री नाही.

वर्षातली सगळ्यांत महत्त्वाची रात्र मात्र २४ डिसेंबरची. ‘विगिलिया’च्या दिवशी घर दिवसभर उपाशी असतं. टेबलावर पांढरी चादर, तिच्याखाली मूठभर वाळलेलं गवत, कारण येशूचा जन्म गोठ्यातला. मुलं खिडकीला नाक लावून पहिल्या चांदणीची वाट पाहतात. ती दिसली की जेवायला बसण्याआधी प्रत्येकाच्या हातात ‘ओपवातेक’ येतो, पिठाची कागदासारखी पातळ, ठसा उमटवलेली पोळी. एकाने दुसऱ्याच्या पोळीचा तुकडा मोडायचा, तोंडात घालायचा आणि येत्या वर्षासाठी त्याचं भलं चिंतायचं. घरातल्या प्रत्येकाशी, एकेकाशी. वर्षभर अबोला धरलेल्या भावाशीसुद्धा. पुष्कळांचा आवाज तिथे दाटून येतो. मग परंपरेने बारा पदार्थ, सगळे बिनमांसाचे: बिटाचं सार आणि त्यात मशरूम भरलेले इवले पिएरोगी, कोबी-वाटाणे, खसखशीचे गोड पदार्थ, सुकामेव्याचं पाणी. मासा मात्र चालतो आणि तो कार्पच हवा. कम्युनिस्ट काळात टंचाईमुळे कार्प जिवंत विकत घेऊन सणापर्यंत न्हाणीघरातल्या टबात ठेवायचे. त्या पिढीतल्या मुलांनी त्याला नाव ठेवल्याच्या आणि मग जेवायला नकार दिल्याच्या आठवणी घरोघरी आहेत.

टेबलावर एक ताट जास्तीचं मांडलेलं असतं. ते न बोलावता आलेल्या पाहुण्याचं. परदेशात एकटा असलेला विद्यार्थी किंवा नोकरदार पोलिश सहकाऱ्याला ‘सणाला मी एकटाच आहे’ असं सहज बोलून गेला, तर त्या ताटावर त्याला खरोखरच बोलावणं येतं. जाताना फुलं न्यावीत, पण विषम संख्येत. सम संख्या अंत्ययात्रेसाठी. दारात बूट काढावेत. वाढलेलं संपवावं, आणि आणखी घ्या म्हटलं की थोडं तरी घ्यावं.

डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी क्राकोवात असणाऱ्याला आणखी एक गोष्ट पाहता येते. चौकातल्या मित्स्क्येविच कवीच्या पुतळ्याच्या पायऱ्यांवर सकाळपासून माणसं चमचमत्या इमारती आणून ठेवू लागतात. या ‘शोप्का’. आत येशूजन्माचा देखावा, बाहेरून मात्र क्राकोवचेच मनोरे, घुमट, कमानी. पुठ्ठा, लाकडी पट्ट्या आणि रंगीत चंदेरी कागदाच्या. काही काडेपेटीएवढ्या, काही माणसाहून उंच. हिवाळ्यात बांधकाम बंद असे, तेव्हा गवंडी आणि सुतार या बनवून दारोदार दाखवत फिरत. चार पैसे मिळत. १९३७ पासून त्यांची स्पर्धा भरते. मनोऱ्याचा एखादा कळस जवळून पाहिला तर त्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद नखाने गुळगुळीत करून, मिलिमीटरभर रुंदीच्या पट्ट्यांत दुमडून चिकटवलेला दिसतो. वर्षभर संध्याकाळी बसून केलेलं काम. दुपारी बाराची तुतारी झाली की स्पर्धक आपापली शोप्का उचलून चौकातून मिरवत नेतात. २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत पोलंडची पहिली नोंद झाली ती याच कलेची.

याच महिन्यातल्या आणखी एका तारखेचा उल्लेख करायला हवा. १३ डिसेंबर १९८१ रोजी कम्युनिस्ट सरकारने लष्करी कायदा पुकारला आणि आदल्या वर्षी ग्दान्स्कच्या गोदीत जन्मलेल्या ‘सॉलिडॅरिटी’ संघटनेच्या हजारो कार्यकर्त्यांना डांबलं. त्या नाताळात लोकांनी खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. दरवर्षी १३ डिसेंबरला संध्याकाळी साडेसात वाजता पोलंडमधल्या कितीतरी खिडक्यांत आजही मेणबत्ती दिसते.

पोलिश संस्कृती म्हणजे केवळ कॅथलिक संस्कृती, असं मानून परतणारा प्रवासी अर्धाच देश पाहून येतो. महायुद्धापूर्वी दर दहा पोलिश नागरिकांतला एक ज्यू होता. सुमारे ३३ लाखांपैकी ३० लाखांच्या आसपास मारले गेले. ऑशविट्झमध्ये जी ११ लाख माणसं मारली गेली त्यांतली बहुसंख्य युरोपभरातून आणलेली ज्यू होती. तिथे अर्धा दिवस काढून संध्याकाळी क्राकोवच्या काझिमिएझ भागात संगीत ऐकत जेवायला बसणं हा पर्यटन कंपन्यांचा ठरलेला कार्यक्रम असतो. तो टाळावा. त्या दिवशी दुसरं काही ठेवू नये. काझिमिएझला वेगळा दिवस द्यावा. तिथली सिनेगॉग, तिथली जुनी ज्यू दफनभूमी सावकाश पाहावी. आणि तारीख जुळत असेल तर १९ एप्रिलला वॉर्सात असावं. १९४३ साली त्या दिवशी वॉर्साच्या ज्यू वस्तीने शस्त्र उचललं होतं. उठावाचे वाचलेले सेनानी मारेक एडेलमान दरवर्षी त्या तारखेला स्मारकापाशी पिवळी डॅफोडिल फुलं ठेवत. त्यांच्या आठवणीत वॉर्सातल्या ‘पोलिन’ या ज्यू इतिहासाच्या संग्रहालयाने २०१३ पासून कागदी डॅफोडिल वाटायला सुरुवात केली. आता त्या दिवशी शाळकरी मुलांपासून ट्राममधल्या प्रवाशांपर्यंत हजारोंच्या कोटावर ते पिवळं फूल असतं.

हे पंचांग कोल्हापूरजवळही पाच वर्षं पाळलं गेलं आहे. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केली. १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर त्यांना सुटका मिळाली. जनरल अँडर्स यांनी त्यांतून सैन्य उभं केलं आणि ते इराणमार्गे बाहेर पडलं. बायका, मुलं, म्हातारी माणसं बरोबर होती. जामनगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडीला अनाथ मुलांना आसरा दिला हे आता बऱ्यापैकी माहीत आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरलगतच्या वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांचं जे शिबिर होतं, ते त्याहून कितीतरी मोठं. तिथे बराकींच्या रांगा, पोलिश शाळा, इस्पितळ, चर्च, बालवीर पथकं आणि नाटकंही होती. पुरुष दूर आघाडीवर. पंचगंगेच्या काठच्या त्या वस्तीत आया मुलांना पोलिश भाषा शिकवत राहिल्या, चर्चच्या तारखांप्रमाणे सण येत राहिले.

ज्या सैन्यात या मुलांचे बाप आणि भाऊ होते, त्याने १८ मे १९४४ रोजी इटलीतला माँते कासिनोचा मठ जिंकला. त्या दिवशी एमिल चेख नावाच्या सैनिकाने मठाच्या ढिगाऱ्यावर उभं राहून क्राकोवच्या मनोऱ्यातली तीच तुटती धून वाजवली. युद्ध संपलं, पण पोलंडच्या सीमा सरकल्या होत्या आणि वळिवड्याच्या पुष्कळ कुटुंबांची गावं आता सोव्हिएत हद्दीत गेली होती. बरेचजण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे पांगले, काही पोलंडला परतले, काहींची थडगी कोल्हापुरातच राहिली. म्हातारपणी तिथली मुलं वळिवडं बघायला पुन्हा येत राहिली.

वॉर्सातल्या क्रासिन्स्की बागेच्या कडेला, जनरल अँडर्स यांच्याच नावाच्या रस्त्यावर, माँते कासिनोच्या लढाईचं स्मारक आहे. त्याच्याजवळ कोल्हापूरच्या नावाचं एक स्मारक २०१७ मध्ये बसवलं. वळिवड्यात वाढलेल्यांनी कोल्हापूर संस्थानाचे आभार मानण्यासाठी. पोलिन संग्रहालय तिथून चालत थोड्याच अंतरावर, आणि जुनं गावही. त्यामुळे वेगळा दिवस काढावा लागत नाही. मात्र १८ मेच्या आसपास वॉर्सात असलेल्या मराठी प्रवाशाने तिथे सकाळीच जावं. त्या तारखेला माँते कासिनोच्या स्मारकापाशी पांढऱ्या-लाल फिती बांधलेली फुलं आलेली असतात, आणि फुलं घेऊन आलेल्या माणसांना कोल्हापूर म्हणजे काय हे समजावून सांगणारं कुणी असेल तर त्यांना ते ऐकायला आवडेल.